चिमूटभर धूप

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यास बिथिनिया व पाँटस असा रोमन बादशाहीचा एक जोडप्रांत होता. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागांत तो मोडतो. इ. स. ११२ च्या सुमारास तेथें धाकटा प्लिनी या नांवानें प्रसिद्ध असलेला सुभेदार कारभार पाहात होता. गृहस्थ विद्वान्, कायद्याचा जाणता, स्वभावानें सौम्य आणि कामांत इतका दक्ष कीं, लहानसहान गोष्टींतहि तो आपल्या धन्याचा, म्हणजे ट्रेजन बादशहाचा सल्ला घेई. निकोमिडिया शहरांत मोठी आग लागली, तेव्हां दीडशें माणसांचें आग विझविणारें एक पथक उभारावें काय, असें त्यानें विचारलें. बादशहानें नकार दिला. आग विझविण्याचीं साधनें लोकांजवळ असावींत, पण पथक नको. कारण कोणत्याहि निमित्तानें माणसें एकत्र बांधलीं गेलीं कीं, थोड्याच दिवसांत तो राजकीय कट होऊन बसतो, असें त्याचें म्हणणें पडलें. ज्या राज्यास आग विझविणाऱ्यांच्या मेळ्याचीहि धास्ती वाटे, त्याच राज्यांत दासापासून श्रीमंतापर्यंत सर्वांस एका पंगतीस बसविणारा एक नवा पंथ पसरूं लागला होता. त्या पंथाचे लोक ख्रिस्ती म्हणून ओळखले जात.

हे लोक आरोपी म्हणून समोर उभे राहिले, तेव्हां प्लिनी मोठ्या पेचांत पडला. अशा खटल्यांत तो पूर्वीं कधीं बसला नव्हता. कोंवळें पोर आणि थोराड माणूस यांना एकच शिक्षा द्यावयाची काय? पश्चात्ताप करणारास क्षमा करावी काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा कीं, दुसरा कांहीं अपराध घडला नसतां केवळ ख्रिस्ती हें नांव घेतल्यानें माणूस दंडास पात्र होतो काय? हे प्रश्न त्यानें बादशहास लिहून कळविले, आणि तोंपर्यंत आपली एक रीति ठरवून टाकली. आरोपीस तो तीन वेळां विचारी. तिन्ही वेळां त्यानें होय म्हटलें, तर देहान्त शासन; आरोपी रोमन नागरिक असल्यास त्याची रवानगी रोमला.

पुढें एक निनांवी यादी त्याच्या हातीं आली. तींत पुष्कळांचीं नांवें होतीं. त्यांतील कित्येकांनीं आपण ख्रिस्ती नाहीं, असें सांगितलें. हें खरें कीं खोटें तें पाहावयाचें कसें? प्लिनीनें देवांच्या मूर्ति व बादशहाची प्रतिमा मागवून घेतली. ज्यानें देवांचें नांव घेऊन प्रतिमेपुढें मद्य व धूप वाहिला आणि ख्रिस्ताची निंदा केली, तो सुटला. कारण खरा ख्रिस्ती माणूस या गोष्टी कदापि करावयाचा नाहीं, असें त्याच्या कानीं आलें होतें. यांपैकीं कांहींजण पूर्वीं त्या पंथांत होते. त्यांनीं सांगितलेली हकीकत मोठी साधी होती. ठराविक दिवशीं पहांटेपूर्वीं जमावयाचें, ख्रिस्ताचें स्तोत्र गावयाचें, चोरी, व्यभिचार व विश्वासघात करणार नाहीं अशी शपथ घ्यावयाची, आणि पुन्हां एकत्र जमून चारचौघांसारखें निरुपद्रवी अन्न खावयाचें. सुभेदारानें अशा मंडळ्यांस मनाई केल्यावर तेंहि त्यांनीं बंद केलें होतें. प्लिनीची खात्री पटेना. पंथांत सेविका म्हणून काम करणाऱ्या दोन दासींचा छळ करून त्यानें आणखी शोध घेतला. हातीं काय लागलें? त्याच्या मतें भलत्याच थरास गेलेली एक वेडगळ समजूत. त्यापलीकडे कांहीं नाहीं.

ट्रेजनचें उत्तर थोडक्यांत आलें. या लोकांचा मुद्दाम शोध करूं नये. कोणी फिर्याद केली व ती शाबीत झाली तर शिक्षा करावी. देवांची पूजा करील त्यास सोडून द्यावें. आणि निनांवी यादी मुळींच स्वीकारूं नये, तें आपल्या काळास शोभत नाहीं. उत्तरांत माणुसकी होती, पण तर्क नव्हता. अपराधी असतील तर शोधूं नका असें कां? आणि निरपराधी असतील तर शिक्षा कां? सुमारें पंचायशीं वर्षांनीं आफ्रिकेंतील कार्थेज शहरच्या टर्टुलियन नांवाच्या ख्रिस्ती पंडितानें या उत्तराची नेमकी अशीच उलटतपासणी केली. 'केवळ नांव हाच गुन्हा काय' या प्लिनीच्या प्रश्नास मात्र बादशहानें बगल दिली होती. पुढें दोनशें वर्षें हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि त्याचा निकाल वेळोवेळीं त्या चिमूटभर धुपावर होत गेला.

रोमन लोक परधर्माचे द्वेष्टे होते, असें मात्र समजूं नये. मिसरची आयसिस, आशियामायनरची सिबिली, सैनिकांत मान पावलेला मिथ्र, अशा कितीतरी परक्या दैवतांस त्या बादशाहींत थारा मिळाला होता. कोणी कोणत्या देवास भजावें याची विचारपूस सहसा होत नसे. त्यांच्या दृष्टीनें धर्म म्हणजे मनांतील श्रद्धेपेक्षां सार्वजनिक कर्तव्य होतें. नगराचे देव प्रसन्न असले तर पाऊस पडतो, पीक येतें, सरहद्द सुरक्षित राहते. आणि देवांशीं असलेला हा सलोखा राखणें हें प्रत्येक नागरिकाचें काम. ग्रामदैवताच्या उत्सवास वर्गणी न देणाऱ्या व पालखीस पाठ दाखविणाऱ्या घराकडे सारा गांव ज्या नजरेनें पाहतो, त्याच नजरेनें रोमन समाज ख्रिस्ती घराकडे पाही. यहुदी लोकहि या देवांना भजत नसत. परंतु त्यांचा धर्म वाडवडिलांपासून चालत आलेला, म्हणून मानास पात्र होता, आणि इ. स. ६६ सालच्या बंडापर्यंत यरुशलेमच्या मंदिरांत बादशहाच्या कल्याणार्थ नित्य बलिदान होत असे. ख्रिस्ती पंथ कालचा. त्यास कुलपरंपरा नाहीं, प्रांत नाहीं, मंदिर नाहीं, मूर्ति नाहीं. म्हणून त्यास लोक चक्क नास्तिक म्हणत.

आणि गंमत अशी कीं, हे 'नास्तिक' रानांत किंवा मठांत राहात नव्हते. त्यांचें घर त्याच आळींत, दुकान त्याच बाजारांत, स्नान त्याच सार्वजनिक हमामखान्यांत. दुसऱ्या शतकांत डायोग्नेटस नांवाच्या गृहस्थास उद्देशून लिहिलेलें एक निनांवी पत्र उपलब्ध आहे. देश, भाषा किंवा पेहराव यांवरून ख्रिस्ती माणूस वेगळा ओळखतां येत नाहीं, फरक आहे तो आचरणांत, असा त्याचा आशय आहे. नको असलेलें तान्हें मूल उघड्यावर टाकून देण्याची चाल त्या समाजांत होती. ती ख्रिस्ती लोक पाळीत नसत. कर भरण्यास मात्र ते कुचराई करीत नसत, आणि बादशहासाठीं प्रार्थनाहि करीत; फक्त बादशहाची प्रार्थना करीत नसत. सारा तंटा या दोन शब्दांच्या अंतराएवढा होता.

परंतु रोजच्या व्यवहारांत हें अंतर पावलोपावलीं आडवें येई. खाटिकाकडील मांस बहुधा देवळांतील नैवेद्याचें असे. मग तें विकत घ्यावें कीं नाहीं? इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस लिहितांना पॉलनें याचा व्यवहारी तोडगा काढून दिला होता. बाजारांतून आणतांना चौकशी करूं नये. पण हा नैवेद्य आहे असें कोणी मुद्दाम सांगितलें, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून तो खाऊं नये. मूर्तिकारानें काय करावें? धूप विकणाऱ्यानें काय करावें? सैनिकानें बक्षीस स्वीकारतांना डोक्यावर फुलांपानांचा मुकुट घालावा काय? एका ख्रिस्ती शिपायानें तो घातला नाहीं, तेव्हां उगाच सर्वांना अडचणींत आणलेंस म्हणून त्याच्याच धर्मबांधवांनीं त्यास नांवें ठेविलीं, असें टर्टुलियन सांगतो.

सर्वांत कठीण परिस्थिति शाळामास्तराची होती. त्या काळीं विद्या म्हणजे होमर व व्हर्जिल यांचीं काव्यें. मुलांना देवांचीं नांवें, त्यांच्या वंशावळी व पराक्रम समजावून सांगावे लागत. नव्या विद्यार्थ्याची पहिली फी मिनर्व्हा देवीच्या नांवानें ठेवावी लागे. सणावारीं शाळेस हार-तोरणें बांधावीं लागत. टर्टुलियनचा निर्णय कडक होता. ख्रिस्ती मुलानें त्या शाळेंत शिकण्यास हरकत नाहीं, पण ख्रिस्ती माणसानें तेथें शिकवूं नये. हिप्पोलिटसच्या नांवावर चालत आलेल्या नियमग्रंथांत मात्र अधिक कनवाळूपणा दिसतो. मास्तरानें हें काम सोडलें तर बरें; परंतु उपजीविकेची दुसरी विद्या त्यास येत नसेल, तर तें त्यास करूं द्यावें, असें तेथें म्हटलें आहे. तत्त्व कितीहि मोठें असलें, तरी संध्याकाळीं चूल पेटवावीच लागते, हें ज्यानें तो नियम लिहिला त्यास ठाऊक असावें.

रोमन पक्षाचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. टायबर नदीस पूर आला, नाईलला पूर आला नाहीं, दुष्काळ पडला, सांथ आली, कीं ख्रिस्त्यांना सिंहापुढें टाका अशी ओरड सामान्य लोक करीत. ती अडाणीपणाची होती. पण इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस नांवाच्या विद्वानानें घेतलेला आक्षेप अडाणीपणाचा नव्हता. सर्वांनींच तुमच्यासारखें वागावयाचें ठरविलें, तर बादशहा एकाकी पडेल व रानटी टोळ्या सारें जग घशांत घालतील. मग तुमचा धर्म तरी कोठें उरेल? बादशाहीच्या छायेंत राहावयाचें आणि तिचा भार उचलतांना मात्र मागें सरावयाचें, हें न्यायाचें आहे काय? या आक्षेपास ऑरिजेन या पंडितानें सुमारें सत्तर वर्षांनीं उत्तर दिलें कीं, आम्ही शस्त्रानें लढलों नाहीं तरी प्रार्थनेनें राज्याचें साहाय्य करतों. हें उत्तर सेल्ससला पटलें असतें, असें म्हणवत नाहीं.

हा वाद पंडितांच्या पोथ्यांतच राहिला असता तर बरें झालें असतें. पण तो घरांत शिरला. इ. स. २०३ मध्यें कार्थेज येथें पर्पेतुआ नांवाच्या सुमारें बावीस वर्षांच्या तरुणीस अटक झाली. ती कुलीन व सुशिक्षित होती. तिच्या अंगावर पितें मूल होतें. तिनें तुरुंगांत लिहिलेली स्वतःची हकीकत आज उपलब्ध आहे. स्त्रीच्या हातच्या लॅटिन गद्याचा इतका जुना नमुना क्वचितच सांपडतो. तींतील सर्वांत करुण पात्र तिचा बाप आहे. तो ख्रिस्ती नव्हता. मुलांमध्यें हीच त्याची विशेष लाडकी. तो तुरुंगांत येऊन तिचे हात हातीं घेई, पायां पडे, आपल्या पिकल्या केसांची व तिच्या तान्ह्या बाळाची आठवण देई. चौकशीच्या वेळींहि तो मूल घेऊन पुढें आला. अधिकारी हिलेरियानस यानेंहि तिची मनधरणी केली: बापाच्या वयाकडे पाहा, बाळाकडे पाहा, बादशहांच्या कल्याणासाठीं एवढें बलिदान कर. तिनें नकार दिला. बाप मध्यें पडूं लागला, तेव्हां अधिकाऱ्यानें त्यास खालीं पाडून छडीनें मारविलें. तो मार आपल्यालाच बसल्यासारखें दुःख झालें, असें तिनें लिहून ठेवलें आहे. ७ मार्च रोजीं, गीटा या राजपुत्राच्या वाढदिवसाच्या खेळांत, तिला व तिच्या सोबत्यांना रंगणांत मारण्यांत आलें. त्यांत फेलिसिटास नांवाची एक दासी होती. ती तुरुंगांतच प्रसूत झाली होती. बापाचा विनवणीचा हात आणि मुलीचा नकार, या दोहोंपैकीं खोटें कोणतेंच नव्हतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्त्यांचा छळ सतत व सर्वत्र चालू होता, असें नाहीं. रोम जळालें तेव्हां, इ. स. ६४ मध्यें, नीरोनें त्यांच्यावर आळ घेतला. पुढें कोठें एखाद्या शहरांत गर्दी खवळली, कोठें एखादा सुभेदार कडक निघाला. मध्यें वर्षानुवर्षें शांततेचींहि गेलीं. सर्व बादशाहीभर एकच हुकूम सुटला तो इ. स. २५० च्या आगेंमागें, डीशियस बादशहाच्या वेळीं. त्या आधीं २१२ सालीं बादशाहींतील बहुतेक सर्व स्वतंत्र माणसांस रोमन नागरिकत्व मिळालें होतें. सरहद्दीवर शत्रूंचा रेटा वाढला होता. तेव्हां सर्व प्रजाजनांनीं देवांस बलिदान करून तसा दाखला घ्यावा, असें फर्मान निघालें. मिसरच्या कोरड्या वाळूंत असे चाळिसांहून अधिक दाखले सांपडले आहेत. सर्वांचा मजकूर एकाच सांच्यांतला: मीं देवांना सदैव भजत आलों, आतांहि आपल्या समक्ष मद्य वाहिलें, बलिदान केलें, प्रसाद चाखला, तरी तशी सही व्हावी. त्यांतील एक दाखला मगररूपी देवाच्या पुजारिणीचा आहे. जी बाई आयुष्यभर देवळांतच राबली, तिलाहि आपण देव मानतों असें सरकारी कागदावर सिद्ध करावें लागलें!

या कसोटीस सर्वच ख्रिस्ती उतरले नाहींत. कार्थेजमध्यें बलिदान करणारांची एवढी रीघ लागली कीं, दिवस मावळल्यावर अधिकाऱ्यांनीं उरलेल्यांस दुसऱ्या दिवशीं यावयास सांगितलें, असें तेथील बिशप सिप्रियन यानें खेदानें लिहिलें आहे. कांहींनीं बलिदान न करतां लांच देऊन दाखला मिळविला. वादळ ओसरल्यावर हीच माणसें रडत परत आलीं. त्यांना पंगतीस घ्यावें कीं नाहीं? तुरुंगांतून सुटून आलेल्यानें त्यांच्याशेजारीं बसावें काय? यावरून रोमच्या मंडळींत फूट पडली. कार्थेजच्या सभेनें २५१ मध्यें, प्रत्येकाचा अपराध पाहून व प्रायश्चित्त देऊन त्यांस पुन्हां जवळ करावें, असा मधला मार्ग काढला. शूरांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. परंतु पंथ टिकला तो बराचसा या भित्र्या व पस्तावलेल्या माणसांना परत घेण्याच्या शहाणपणामुळें.

त्याच सुमारास बादशाहींत भयंकर सांथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस लिहितो कीं, आपले लोक रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः मेले, आणि इतर लोक आप्तांनाहि रस्त्यावर सोडून पळाले. हें एका बाजूचें लिहिणें आहे, तें थोडें सोडून दिलें तरी बाकी पुष्कळ उरतें. रोमची मंडळी २५१ मध्यें पंधराशेंहून अधिक विधवा व दीनदुबळ्यांस पोसत होती. जुन्या देवांचा कैवारी ज्युलियन बादशहा यानें ३६२ मध्यें आपल्या पुजाऱ्यास रागानें लिहिलें कीं, हे लोक आपल्याच नव्हे, आमच्याहि गरिबांस पोसतात, आणि आम्ही स्वस्थ बसतों. शत्रूनें दिलेलें हें प्रशस्तिपत्र मोलाचें आहे.

शेवटचा मोठा छळ डायोक्लीशनच्या कारकीर्दींत, ३०३ मध्यें सुरू झाला. देवळें पाडलीं, पवित्र ग्रंथ जाळले, पुष्कळांनीं प्राण दिले. पण आठ वर्षांनीं, ३११ मध्यें, मरणाच्या दारीं असलेल्या गॅलेरियस बादशहानें हुकूम मागें घेतला, आणि ख्रिस्त्यांनीं आपल्या देवाजवळ बादशहाच्या व राज्याच्या क्षेमासाठीं प्रार्थना करावी, अशी इच्छा प्रकट केली. जें ते पहिल्यापासून करीत होते, तेंच अखेर बादशाहीनें त्यांच्याकडे मागितलें. पुढें ३१३ मध्यें कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनीं ख्रिस्त्यांस व इतर सर्वांस आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक दिली. टर्टुलियननें शंभर वर्षांपूर्वीं एका सुभेदारास हेंच बजावलें होतें: भक्ति ही जबरीची वस्तु नव्हे, आणि नाखुषीनें वाहिलेला धूप देवालाहि नको असतो.

गोष्ट येथें संपली असती, तर तिचा शेवट गोड झाला असता. रोमच्या सेनेटगृहांत विजयदेवीची मूर्ति व वेदी होती. ऑगस्टसच्या काळापासून सभासद कामकाजापूर्वीं तेथें धूप वाहात. ती वेदी ३८२ मध्यें ख्रिस्ती बादशहानें हलविली. दोन वर्षांनीं नगराधिकारी सिमॅकस यानें ती परत मिळावी म्हणून अर्ज केला. आम्ही सारे त्याच आकाशाखालीं राहतों, तेच तारे पाहतों; इतक्या गूढ सत्याकडे एकाच वाटेनें जातां येईल असें नाहीं, असा त्याच्या अर्जाचा भावार्थ होता. मिलानचा बिशप अँब्रोज यानें विरोध केला. त्याच्या बाजूसहि कांहीं म्हणण्यासारखें होतें. सेनेटांत आतां ख्रिस्ती सभासद बसत. त्यांच्या नाकातोंडांत त्या वेदीचा धूर कां जावा, असा त्याचा सवाल होता. अल्पवयी बादशहानें अँब्रोजचें ऐकलें. अर्ज फेटाळला गेला.

आणि ८ नोव्हेंबर ३९२ रोजीं थिओडोशियस बादशहाचा कायदा निघाला. देवळांतच नव्हे, घरांत कुलदेवतांपुढेंहि दिवा लावूं नये, धूप जाळूं नये. ज्या घरांत धूप जाळल्याचें सिद्ध होईल व जाळणारा घराचा धनी असेल, तें घर सरकारजमा व्हावें. प्लिनीच्या दरबारांत जो धूप न वाहणारा मरे, तोच धूप वाहणारा आतां गुन्हेगार ठरला. मधें दोनशें ऐंशीं वर्षें लोटलीं होतीं. धूप तोच होता. फक्त कायद्याचा कागद कोणाच्या हातीं, एवढेंच बदललें होतें.

टर्टुलियनचें पत्र आणि सिमॅकसचा अर्ज, हे दोन्ही कागद आज शिल्लक आहेत. ते जवळजवळ ठेवून वाचले, तर अक्षरें दोन हातांचीं वाटतात, पण मागणें एकच निघतें. दोघांनींहि तें आपण दुर्बळ असतांना मागितलें. आणि दोघांच्याहि मागण्यास त्या वेळच्या बलवंतांनीं मान दिला नाहीं. प्लिनीनें विचारलेला प्रश्न, माणसाचें दुसरें कांहीं पाप नसतां केवळ नांव हाच अपराध काय, तो दोन्ही वेळां तसाच अनुत्तरित राहिला.